परदेशात घटस्फोट झालाय, मग भारतात तो मान्य करून कसा घ्यायचा?

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. अमेरिकेतल्या नाहीतर लंडनच्या कोर्टाने डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा लेखी हुकूम, दिली म्हणजे तिकडच्या कायद्याने तुम्ही मोकळे झालात, पण लग्न इकडे हिंदू पद्धतीने लागलेलं असेल तर भारतातलं कोर्ट ती डिक्री आपल्या नियमांनी तपासून बघतं, आणि ती त्यात बसली नाही तर इथे तुम्ही अजूनही नवरा-बायकोच आहात. शिक्का किती मोठ्या देशाचा आहे याच्याशी कोर्टाला काही देणंघेणं नसतं. घटस्फोट मिळाला कसा हे ते बघतं: समोरची व्यक्ती तिथे हजर होती का, तिला नोटीस नीट पोचली होती का, आणि घटस्फोट कुठल्या कारणावर दिला. पुढचं सगळं याच तीन प्रश्नांभोवती फिरतं, त्यामुळे हे तीन प्रश्न एका कागदावर लिहूनच ठेवा.

आणि हे नुसतं कागदोपत्री प्रकरण नाहीये. इथे मान्य न होणाऱ्या डिक्रीच्या जोरावर कोणी दुसरं लग्न केलं तर हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल धरलं जातं, आणि वर पहिलं लग्न कायम असताना दुसरं केल्याचा गुन्हा लागतो तो वेगळाच. पूर्वी ते आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ४९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. म्हणून स्थळं बघायला सुरुवात करायच्या आधी हे काम उरकून घ्या, असं मी प्रत्येकाला अगदी हात जोडून सांगते.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे सगळे वकील ज्याला सीपीसी म्हणतात, तिचं कलम १३. परदेशी कोर्टाचा निकाल भारतात मान्य, पण सहा गोष्टी सोडून. निकाल देणाऱ्या कोर्टाला तो अधिकारच नव्हता, निकाल केसच्या गुणदोषांवर दिलेला नाही, भारतीय कायदा लागू असूनही तो बाजूला ठेवलाय, समोरच्याला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नाही, फसवणूक करून निकाल मिळवलाय, किंवा जी मागणी मान्य केलीय तीच भारतीय कायदा मोडणारी आहे. यातलं एक जरी लागू झालं तरी निकाल इथे टिकत नाही.

घटस्फोटाच्या बाबतीत हे सगळं नेमकं कसं लावायचं ते सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या केसमध्ये सांगितलं. लग्न तिरुपतीला झालेलं, नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातून घटस्फोट आणला आणि इकडे दुसरं लग्न केलं, पहिल्या बायकोने फौजदारी तक्रार केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात बसणारं कोर्ट आणि त्या कायद्यात असलेलं कारण, दोन्ही पाहिजेत. त्याला तीन अपवाद दिले, आणि तुमची केस बहुतेक या तिघांपैकीच एकात बसते किंवा बसत नाही. पहिला, सामनेवाला माणूस त्याच देशात कायमचा राहतोय आणि घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यातही आहे. दुसरा, सामनेवाला स्वतःहून तिथल्या कोर्टासमोर गेला, केस लढला, आणि कारण आपल्या कायद्यातलं आहे. तिसरा, सामनेवाल्याने घटस्फोटाला संमती दिली.

त्याच्याही आधीची एक केस आहे, सत्या विरुद्ध तेजा सिंग. नवऱ्याने नेवाडा राज्यात तात्पुरता मुक्काम करून, आपण इथलेच रहिवासी आहोत असं दाखवून घटस्फोट मिळवला, बायको-मुलं पंजाबात. सुप्रीम कोर्टाने ती डिक्री फसवणुकीची म्हणून मानलीच नाही. जिथे लवकर घटस्फोट मिळतो तिथे पत्ता दाखवायचा आणि डिक्री आणायची, असा सल्ला अजूनही काही लोक देतात, त्यांच्या नादी लागू नका.

हे सगळं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल लिहितेय (बौद्ध, जैन, शीख त्यातच येतात). रजिस्टर लग्न स्पेशल मॅरेज अॅक्ट १९५४ खाली असेल तरी विचार साधारण हाच. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी लग्नांना कारणं त्यांच्या त्यांच्या कायद्यातली बघावी लागतात, सीपीसीचं कलम १३ मात्र सगळ्यांना तेच.

पहिलं काम: डिक्री नीट वाचा

वाटतं तितकं सोपं नाहीये हे, कारण बहुतेकांनी आपली डिक्री शेवटचं पान सोडून वाचलेलीच नसते. पेन्सिल घेऊन बसा आणि चार जागा शोधा.

एक, सामनेवाला हजर होता का याबद्दलचं वाक्य. 'डीफॉल्ट', 'एक्स पार्टे' (म्हणजे एकतर्फी), 'सामनेवाला हजर झाला नाही' असा कुठलाही उल्लेख दिसला की त्याखाली जाड रेघ मारा, इथे सगळ्यात जास्त केसेस याच वाक्यावर अडकतात. दोन, समन्स कसं बजावलं. भारतातल्या पत्त्यावर ईमेलने नाहीतर साध्या कुरियरने पाठवलं असेल तर तो कच्चा दुवा धरा, कारण भारत २००७ पासून हेग सर्व्हिस कन्व्हेन्शनमध्ये (कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात कसे बजावायचे याचा आंतरराष्ट्रीय करार) आहे आणि पोस्टाने थेट कागद बजावण्याला भारताने हरकत नोंदवलेली आहे, परदेशी समन्स दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत यायला हवं. तीन, कारण. 'इर्रिकन्सायलेबल डिफरन्सेस', 'इर्रिट्रीव्हेबल ब्रेकडाउन' (म्हणजे न मिटणारे मतभेद, लग्न कायमचं मोडलंय) असे शब्द असतील तर ते कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात नाहीये. सुप्रीम कोर्ट घटनेच्या कलम १४२ खाली त्या कारणावर घटस्फोट देऊ शकतं, २०२३ च्या शिल्पा सैलेश निकालात ते स्पष्ट झालंय, पण तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा, फॅमिली कोर्टाचा नाही. आपल्याकडे क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं अशी कारणं लागतात किंवा दोघांची संमती लागते.

चार, डिक्री अंतिम आहे का. माझ्या मावसबहिणीच्या फाइलमध्ये इंग्लंडची 'डिक्री नायसाय', म्हणजे अंतिम 'डिक्री अॅब्सोल्यूट'च्या आधीची तात्पुरती डिक्री, लावलेली होती, घरचे सगळे तिलाच घटस्फोट समजत होते, वकिलांनी पहिल्याच भेटीत ती बाजूला काढून 'अॅब्सोल्यूट कुठेय?' विचारलं. इंग्लंड-वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून नवी नावं आलीत, आधीची कंडिशनल ऑर्डर आणि शेवटची फायनल ऑर्डर, तर तुमच्याकडे फायनल पाहिजे. ऑस्ट्रेलियात ऑर्डर झाल्यावर एक महिना आणि एक दिवसाने ती लागू होते, कॅनडात साधारणपणे ३१ व्या दिवशी, आणि तिथे वेगळं सर्टिफिकेट ऑफ डिव्होर्स मिळतं, ते काढूनच घ्या.

दुसरं काम: तुमची केस कुठल्या गटात

दोघांनी मिळून अर्ज केला होता, किंवा समोरच्याने लेखी संमती दिली होती, किंवा तो वकील लावून लढला आणि क्रूरतेसारख्या कारणावर निकाल लागला. असं असेल तर तुमची डिक्री भक्कम आहे. खरं सांगायचं तर अशा डिक्रीला भारतात पुन्हा घटस्फोट घ्यावा लागत नाही, ती आपोआपच मान्य धरली जाते, कुठे 'रजिस्टर' करावी लागते असंही नाही. तरीपण पुढे लग्न करायचं असेल, पासपोर्टवरचं नाव बदलायचं असेल, वारसाहक्काची भांडणं व्हायची शक्यता असेल तर फॅमिली कोर्टातून डिक्लरेशन, म्हणजे तुमचा घटस्फोट झालेला आहे असं जाहीर करणारा हुकूम, घेऊन ठेवलेलं बरं. प्रत्येक ऑफिसात नव्या माणसाला सीपीसीचं कलम १३ समजावत बसण्यापेक्षा इथल्या कोर्टाचा एक कागद पुढे केला की विषय संपतो.

डिक्री एक्स पार्टे आहे किंवा नुसत्या ब्रेकडाउनवर आहे, पण आता समोरची व्यक्तीही मोकळं व्हायला तयार आहे. मग माझं स्पष्ट मत, त्या डिक्रीला मान्यता मिळवण्याच्या मागे लागूच नका, सरळ इथे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ बी खाली परस्पर संमतीचा अर्ज करा. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, जे तुमचं झालेलंच असतं. पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये (म्हणजे आधीचा अर्ज आणि नंतर संमती पुन्हा कळवणं यांत) सहा महिन्यांचं अंतर असतं, पण २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट ते माफ करू शकतं, आणि वर्षानुवर्षं वेगळे राहणाऱ्या, पैशांचं-मुलांचं सगळं मिटवलेल्या जोडप्यांसाठी ती माफी मागायला चांगला आधार असतो.

डिक्री एक्स पार्टे आणि समोरचा तयारही नाही. हा अवघड गट. डिक्लरेशन मागितलं तर ते नाकारलं जायची शक्यता मोठी, त्यामुळे इथे हिंदू विवाह कायद्याच्या (सीपीसीच्या नव्हे) कलम १३ खाली स्वतंत्र घटस्फोटाची केस, आणि परदेशी डिक्री नुसती पुरावा म्हणून जोडायची, हा रस्ता लांबचा असला तरी जास्त भरवशाचा.

तिसरं काम: कागद

साधी झेरॉक्स चालत नाही. नरसिंह राव केसमध्येच डिक्रीच्या फोटोकॉप्या पुरावा म्हणून टिकल्या नव्हत्या, कारण पुरावा कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र त्यांना नव्हतं. आता १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, पण कागद नीट प्रमाणित पाहिजे हे तसंच आहे.

तर तिकडच्या कोर्टाकडून शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी मागवा, एक नाही, तीन-चार मागवा, भारतात आल्यावर पुन्हा मागवणं फार त्रासाचं. नुसती डिक्रीच नको, मूळ अर्ज, समोरच्याचं उत्तर किंवा संमतीपत्र, समन्स बजावल्याचा पुरावा आणि सेटलमेंट अॅग्रीमेंट हेसुद्धा त्याच शिक्क्यासह घ्या. समोरच्याने भाग घेतला होता हे डिक्रीपेक्षा या कागदांतूनच जास्त सिद्ध होतं, आणि लोक नेमके हेच आणत नाहीत.

त्यावर अपॉस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. भारत २००५ पासून अपॉस्टील कन्व्हेन्शनमध्ये आहे, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळे आहेत, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आलाय. अमेरिकेत ज्या राज्याच्या कोर्टाची डिक्री त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टील मिळतं, दुसऱ्या राज्यातून नाही, तुम्ही आता न्यू जर्सीत राहता आणि डिक्री टेक्सासची आहे तर टेक्सासलाच पाठवावी लागेल. इंग्लंडमध्ये परराष्ट्र खात्याचं लीगलायझेशन ऑफिस हे काम करतं. अपॉस्टीलचा कागद डिक्रीला जोडून येतो, तो स्कॅन करायला म्हणून पिना काढून सुटा करू नका. दुबई-अबुधाबीचे कागद असतील तर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मग भारतीय दूतावासाचं अटेस्टेशन असा जुना रस्ता धरावा लागतो, शिवाय निकाल अरबीत असेल तर अधिकृत भाषांतरही लागतं.

बाकी लग्नाचं सर्टिफिकेट (नसेल तर पत्रिका, फोटो, भटजींचा दाखला), दोघांचे पासपोर्ट, तिकडे राहत असल्याचे पुरावे जसं व्हिसा, लीज, टॅक्स रिटर्न, आणि इथला पत्ता.

स्वतः येता येणार नसेल तर आई-वडिलांच्या किंवा भावाच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी करा, भारतीय कॉन्सुलेटमध्ये किंवा तिकडच्या नोटरीपुढे करून वर अपॉस्टील. ती महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची असते, हे आवर्जून लक्षात ठेवा, कपाटात पडून राहिलेली पॉवर ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

चौथं काम: केस दाखल करणं

जिथे फॅमिली कोर्ट आहे, उदाहरणार्थ मुंबईत वांद्रे किंवा पुण्यात शिवाजीनगर, तिथे फॅमिली कोर्ट्स अॅक्ट १९८४ च्या कलम ७ खाली वैवाहिक स्थितीबद्दलचं डिक्लरेशन मागता येतं, जोडीला स्पेसिफिक रिलीफ अॅक्टचं कलम ३४ लावतात. जिथे फॅमिली कोर्ट नाही तिथे जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात. घटस्फोटाची केस असेल तर लग्न जिथे झालं, शेवटचे एकत्र जिथे राहिलात किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते तिथे करता येते, बायको अर्जदार असेल तर ती आता राहते तिथेही. डिक्लरेशनच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून 'बघू पुढच्या सुट्टीत' करत बसू नका.

अर्जात गोष्ट सरळ तारखेप्रमाणे सांगा, लग्न कधी, तिकडे कधी गेलात, वेगळे कधी झालात, केस कोणी केली, समोरच्याने काय भूमिका घेतली, डिक्री अंतिम कधी झाली. आणि सीपीसीच्या कलम १३ च्या सहाच्या सहा मुद्द्यांवर एक-एक ओळ तरी लिहा की इथे तो अडथळा का येत नाही. वकिलांकडून मसुदा आला की हे मुद्दे आहेत का ते स्वतः तपासा.

माजी जोडीदाराला सामनेवाला करावंच लागतं. संबंध बरे असतील तर आधीच फोन करून सांगा, अचानक कोर्टाची नोटीस गेली की बिचारा माणूस घाबरतो आणि विनाकारण वकील लावून विरोध करायला लागतो. त्यांनी 'माझी हरकत नाही' असा से (लेखी उत्तर) किंवा अॅफिडेविट दिलं (ते परदेशात असतील तर अपॉस्टीलसह) की अर्ध्याहून जास्त काम झालं.

पुढे कोर्टात साक्षीचं अॅफिडेविट, मूळ कागद दाखवून त्यांना एक्झिबिट नंबर पाडून घेणं, उलटतपास असेल तर तो, मग युक्तिवाद. तारखा पडतातच, त्याला इलाज नाही. परदेशातून व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष द्यायची असेल तर वेगळा अर्ज करून परवानगी मागा, आणि ती मागायला शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

मुलं, घर, पैसे

डिक्रीतला घटस्फोट मान्य झाला म्हणजे आतलं सगळंच मान्य झालं असं नाही. मुलांच्या ताब्याबद्दल परदेशी ऑर्डर इथलं कोर्ट विचारात घेतं पण डोळे मिटून पाळत नाही, मुलाचं हित आधी बघतं, आणि दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या बाल-अपहरणाच्या हेग कन्व्हेन्शनमध्ये भारत नाही. नाशिकचा फ्लॅट नाहीतर सातारची जमीन कोणाची हे टेक्सासचं कोर्ट ठरवू शकत नाही, त्यासाठी इथेच वेगळा करार किंवा दावा. पैशांच्या हुकुमाबद्दल सीपीसीचं कलम ४४ ए आहे, त्यात इंग्लंड, सिंगापूर, २०२० पासून यूएई असे ठरावीक देश येतात, अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलिया येत नाहीत. पण ते कलम पैशांच्या वसुलीचं आहे, त्याने घटस्फोट मान्य होत नाही, दोन्हीची गल्लत करू नका.

तुम्ही इकडे आहात आणि तिकडून नोटीस आली असेल तर

हा भाग त्यांच्यासाठी, बहुतेक वेळा मुलींसाठी, ज्यांना माहेरी आणून सोडलंय आणि एक दिवस परदेशी कोर्टाचा लिफाफा येतो. घाबरून कशावरही सही करू नका, 'फक्त पोच आहे' असं सांगून पुढे केलेल्या कागदात संमती असू शकते. घटस्फोट नकोच असेल किंवा तिकडे लढायची ऐपत नसेल तर फक्त त्या कोर्टाच्या अधिकाराला हरकत घेणारं उत्तर निषेध नोंदवून पाठवता येतं, तेवढ्याने तुम्ही त्यांचा अधिकार मान्य केला असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ च्या त्याच निकालात म्हटलंय. त्याचबरोबर इथल्या फॅमिली कोर्टात लगेच जा, पोटगीचा अर्ज करा, आणि तिकडची केस थांबवण्याचा मनाई हुकूम मागता येईल का ते वकिलांना विचारा. लिफाफा, त्यावरचे शिक्के, ईमेलची वेळ, सगळं जपून ठेवा. वकिलाची फी झेपत नसेल तर प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, निःसंकोच जा.

आणि तिकडची केस अजून चालू असेल, दोघांची संमतीही असेल, तर आत्ताच दोघांनी मिळून अर्ज करा, दोघांची हजेरी आणि संमती डिक्रीत स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. आज वाढवलेल्या या दोन ओळी पुढची इथली सगळी धावपळ वाचवू शकतात.

निकाल लागल्यावर

नक्कल विभागात त्याच दिवशी सर्टिफाइड नकलांचा अर्ज टाका. घटस्फोटाची डिक्री असेल तर अपिलाची मुदत जाऊ द्या, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ प्रमाणे ती ९० दिवसांची आहे, आणि त्यानंतर अपील झालेलं नाही याची खात्री करूनच दुसऱ्या लग्नाची तारीख ठरवा. मग पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव, बँक, पीएफ, विमा, डीमॅट या सगळीकडचे नॉमिनी बदला, लोक पासपोर्ट बदलतात आणि नॉमिनी विसरतात. परदेशात दाखवायला ही इथली डिक्री लागणार असेल तर तिच्यावरही अपॉस्टील लागेल, ते आधी राज्य सरकारकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतं, म्हणून परत जायचं तिकीट त्या हिशोबाने काढा.